ठेवणीतलं टेबल, वापरातलं घर

एका वाचक भगिनीचं पत्र थोडक्यात असं. वडिलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी सुताराकडून करून घेतलेलं सागवानी जेवणाचं टेबल त्यांच्या माघारी या ताईंकडे आलं. घरात सहा माणसं: दोघं नवराबायको नोकरी करणारी, सासूसासरे, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. जेवण, अभ्यास, लॅपटॉप, इस्त्री सगळं याच टेबलावर चालतं. ते खराब होऊ नये म्हणून त्यांनी दीड वर्षापासून त्यावर जाड प्लास्टिक अंथरलंय आणि दिवसातून दहा वेळा मुलांना टोकतात. मागच्या महिन्यात प्लास्टिक उचललं तर खाली पांढुरके ढग, काही ठिकाणी चिकटपणा, एका कोपऱ्यात काळं कडं आणि मधल्या दोन फळ्यांमध्ये फट दिसली. शिवाय मुलीनं दाबून लिहिलेली गणितं लाकडात उमटलेली. नवरा म्हणतो, सगळं घासून पीयू (पॉलियुरेथेनचं टणक पॉलिश) मारून घेऊ. सासूबाई म्हणतात, मागच्या खोलीत नेऊन ठेव, रोजच्याला साधं टेबल आण. त्या लिहितात, "गणितं पाहून मी मुलीवर इतकी ओरडले की आता ती टेबलाशी बसतच नाही, जमिनीवर पालथी पडून अभ्यास करते. वडिलांची वस्तू जपू की मुलांना मोकळं सोडू?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. डाग, चिकटपणा, फट याबद्दल सगळं सांगते, पण दोन्ही वेळा मी अडखळले ती शेवटच्या ओळींपाशी. मुलगी जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवतेय आणि शेजारी सहा माणसं सहज बसतील एवढं टेबल झाकून ठेवलेलं आहे. वस्तू जपणं आणि मुलांना मोकळं सोडणं यातलं एकच काहीतरी होऊ शकतं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझी पहिली शंका तिथेच आहे. टेबलाला काय काय झालंय ते मी तुमच्या पत्रातून एकेक करून पाहिलं. त्यातलं बरंचसं मुलांनी केलेलंच नाही. ते प्लास्टिकनं केलंय.

चाळीस वर्षांपूर्वी सुतारानं घरगुती टेबलाला हातानं पॉलिश केलं असेल, तर ते बहुधा लाखेचं असणार. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. दिसायला त्यासारखं दुसरं पॉलिश नाही, पण पाणी, उष्णता आणि स्पिरिट या तिघांपुढे ते हळवं असतं. खात्री करायची तर टेबलाच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटानं बोट टेकवा. चिकट लागलं तर लाख. काहीच झालं नाही तर वर कधीतरी मेलामाइन किंवा पीयूसारखं कृत्रिम पॉलिश चढलेलं आहे. ही चाचणी केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कारण एका पॉलिशचं औषध दुसऱ्या पॉलिशचं विष ठरतं.

आता प्लास्टिकचं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतात आणि खालच्या पॉलिशला मऊ करतात. तुम्हाला जाणवलेला चिकटपणा तो हाच. पांढुरके ढग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. प्लास्टिकच्या कडेनं कधीतरी आत गेलेलं पाणी, ओल्या फडक्यानं पुसल्यावर फटीत उतरलेली ओल, वर ठेवलेल्या गरम भांड्याची खाली जमलेली वाफ, यातल्या कशालाच बाहेर पडायला वाट मिळाली नाही. टेबल उघडं असतं तर सांडलेलं दिसलं असतं आणि कुणीतरी पुसलं असतं. झाकल्यामुळे ते महिनोन्‌महिने तिथेच बसून राहिलं. काचेचंही असंच होतं. टॉपवर काच टाकायचीच असेल तर तिच्याखाली ठिकठिकाणी छोटी पारदर्शक बटणं चिकटवून हवेला जागा ठेवावी लागते.

म्हणून आज प्लास्टिक काढा आणि पुन्हा घालू नका. त्यानंतर दोन आठवडे काहीही करू नका. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, मला माहीत आहे, कारण डाग दिसला की हात शिवशिवतात. पण पांढरे ढग पुष्कळदा नुसत्या मोकळ्या हवेनं विरळ होतात, काही तर पूर्ण जातात. चिकट भाग मऊ सुती कापडानं, अगदी किंचित ओलसर करून, न रगडता पुसा आणि लगेच कोरडा करा. त्यावर कागद किंवा वही ठेवू नका, छापून बसेल. दोन आठवड्यांनीही बोटाला चिकट लागत असेल तर तेवढ्या भागाचं पॉलिश आतून बिघडलंय. ते उतरवून नव्यानं करावं लागेल, त्याला पर्याय नाही.

उरलेल्या पांढऱ्या डागांसाठी एक जुना उपाय आहे आणि तो खरंच चालतो. इस्त्रीची वाफ बंद, उष्णता सगळ्यात कमी. डागावर कोरडं, जाडसर पांढरं सुती कापड दुमडून ठेवायचं आणि इस्त्री त्यावर दोन-तीन सेकंद टेकवून उचलायची. कापड उचलून बघायचं, पुन्हा टेकवायची. उष्णतेनं थर किंचित सैल होतो आणि अडकलेली ओल निसटते. एकाच जागी इस्त्री धरून बसलात तर मात्र पॉलिशच कापडाला चिकटून वर येईल. आधी कोपऱ्यातल्या छोट्या डागावर करून पाहा आणि मुलं झोपल्यावर करा, या कामाला घाई चालत नाही.

काळ्या कड्याचं दुखणं वेगळं आहे. पांढरा डाग पॉलिशमध्ये असतो, काळा डाग लाकडात. तिथे पाणी थर ओलांडून खाली गेलं. एखाद्या लोखंडी भांड्याचं बूड ओलं असेल, तर लोखंडाचा आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा संयोग होऊन शाईसारखा काळा रंग धरतो. घासून तो जात नाही, जितकं घासाल तितका खड्डा पडतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचा उपाय आहे, पण तो पॉलिश उतरवलेल्या उघड्या लाकडावरच करायचा असतो, आणि ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालून, मुलांपासून दूर, जाणत्या पॉलिशवाल्यानंच केलेलं बरं. टॉपचं पॉलिश कधी नव्यानं करायचं ठरलं तर त्याच वेळी हे कडं काढून घ्या. तोवर राहू द्या, ते वाढणार नाही.

आता मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते सांगते. तुम्ही लाकूड आणि पॉलिश यांना एकच समजताय. हातानं केलेल्या पॉलिशचा थर केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. तो तिथे असतोच मुळी लाकडाच्या वाटचा मार खायला. पेले, वह्या, कोपरं, खेळण्यातल्या गाड्या हे सगळं तो अंगावर घेतो, झिजतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा चढवता येतो. वडिलांचं टेबल म्हणजे त्या थराखालच्या फळ्या, ते सांधे, ते पाय. त्यांचं तुमच्या मुलांनी काहीही बिघडवलेलं नाही. तुम्ही दीड वर्ष रोज जी भांडणं केलीत, ती सगळी त्या केसाएवढ्या थरासाठी होती. दोष देण्यासाठी हे म्हणत नाहीये. वडील गेल्यावर त्यांच्या हाताचा स्पर्श जिथे उरलाय असं वाटतं, ती जागा पुसली जाऊ नये म्हणून माणूस काहीही करतो. पण त्यांचा हात ज्या पॉलिशवरून फिरला होता ते कदाचित आधीच एकदा नवं झालेलं असेल. घरात आई किंवा एखादी आत्या असेल तर विचारून पाहा.

मग जपायचं काय? जे पुन्हा भरून येत नाही, ते. खूप घासलेलं लाकूड परत येत नाही. ओढून-ओढून सैल झालेला सांधा वेळेवर बघितला नाही तर फाटतो. पोखरलेला पाय परत भरत नाही. काळजी करायचीच तर या तिघांची करा.

इथेच तुमच्या यजमानांच्या म्हणण्याचा विचार करू. पीयू वाईट अजिबात नाही. पाणी, ऊन भांडं, स्पिरिट या सगळ्यांना ते लाखेपेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं, आणि पाच वर्षांचं मूल असलेल्या घरात हा मोठाच फायदा आहे. पण दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, पीयू मारायचं तर जुनं सगळं उतरवावं लागतं, विशेषतः वर कधी मेण किंवा चकाकीचा स्प्रे मारला असेल तर. त्यातलं सिलिकॉन लाकडावर राहिलं की नवं पॉलिश तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. दोन, लाखेला ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी नवा हात मारता येतो, कारण नवी लाख जुनीत विरघळून एकजीव होते. पीयूचं तसं नाही. वाळल्यावर ते पुन्हा विरघळत नाही, ठिगळ ठिगळासारखंच दिसतं, आणि दहा वर्षांनी सोलायला लागलं की पुन्हा सगळंच खरवडावं लागतं. दर वेळी खरवडताना फळी थोडी पातळ होते.

मला स्वतःला मधला मार्ग पटतो. पाय आणि कडा आहेत तशाच लाखेच्या राहू द्या, त्यांना काही झालेलं नाही. फक्त वरचा टॉप, आणि तोही दोन आठवड्यांनंतर गरज दिसलीच तर, उतरवून पीयू किंवा मेलामाइन करून घ्या. चकचकीत नको, मंद चकाकीचं सांगा. चकचकीत टॉपवर प्रत्येक बोटाचा ठसा आणि प्रत्येक बारीक चरा ओरडून दिसतो आणि तुमचं टोकणं पुन्हा सुरू होईल. काम झाल्यावर हाताला कोरडं लागलं तरी आठवडाभर त्यावर जड काही ठेवू नका, आतला थर पक्का व्हायला वेळ लागतो. आणि पॉलिशवाल्याला मशिन लावायच्या आधी विचारा, फळ्या भरीव आहेत की वर विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे? टॉपच्या कडेला नीट पाहिलं तर कळतं. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर भरीव. वरच्या रेषा कडेशी तुटून खाली वेगळंच लाकूड किंवा पट्टी दिसली तर विनियर.

हे मी जीव तोडून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी आईच्या कपाटाच्या दारावरचा एक डाग घालवायला बसले. पॉलिश पेपर घेतला, रेषांच्या दिशेनं छान हलक्या हातानं घासत होते, डाग फिका होत होता म्हणून अजून घासलं. मग अचानक हाताखालचा रंग बदलला. गडद तपकिरीत रुपयाच्या नाण्याएवढी फिकट पिवळी जागा दिसायला लागली, आणि तिथल्या रेषा आडव्या होत्या. विनियर संपून मी खालच्या प्लायपर्यंत पोचले होते. ते विनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होतं. तो डाग आईच्या हातून लागला होता, ती जागा माझ्या हातून गेली, आणि ती परत आणता आलेली नाही.

सासूबाईंच्या सल्ल्यामागची माया मला कळते. चांगलं ते बाजूला काढून ठेवायचं ही त्यांची रीत आहे, आणि कापडाला, दागिन्याला ती लागूही पडते. लाकडाला पडत नाही. मागची खोली म्हणजे बंद दार, हलती हवा नाही, एखादी ओलसर भिंत आणि महिनाभर कुणाचा पाय नाही. वाळवीला आणि बुरशीला याहून बरी जागा मिळत नाही. रोज वापरातल्या टेबलावरून रोज कुणाचं तरी फडकं फिरतं, रोज कुणीतरी खुर्ची ओढताना त्याच्या पायाकडे बघतं. भुगा पडला तर दोन दिवसांत लक्षात येतं, बंद खोलीत दोन वर्षांनी. एवढं सांगितलंत तर त्यांना पटेल असं मला वाटतं, कारण त्यांचाही हेतू वस्तू टिकावी हाच आहे.

किडीचं इथेच उरकते. सागाचा आतला गडद भाग वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण कडेचा फिकट भाग देतो, आणि शेजारी साध्या लाकडाचं किंवा प्लायचं काही असेल तर तिथून सुरुवात होते. भिंतीवर किंवा पायावर मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर भुंगा. भोकं जुनी की ताजी हे ओळखायला भुगा पुसून भोकांवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवा. काही आठवड्यांत पट्टीला नवं भोक पडलं किंवा खाली पुन्हा भुगा दिसला, तर कीड जिवंत आहे, माणूस बोलवा. टेबल असो वा कपाट, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

फटीबद्दल तुम्ही फार घाबरून लिहिलंय. "टेबल फाटायला लागलं" हे तुमचे शब्द. ते फाटत नाहीये. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, झाड तोडून चाळीस वर्षं झाली तरी. हवेतली सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल तर लाकडात सुमारे 16 टक्के पाणी मुरतं, ती 30 टक्क्यांवर आली की साधारण 6 टक्केच उरतं. या येण्याजाण्यानं फळी लांबीत जवळपास तसूभरही बदलत नाही, पण रुंदीत बदलते. 90 सेंटीमीटर रुंदीचा सागवानी टॉप दमट आणि कोरड्या दिवसांत काही मिलिमीटरनं कमीजास्त होऊ शकतो, आणि साग त्यातल्या त्यात कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. तुमच्या पत्रात कोरड्या दिवसांत फट दिसते असं आहे. दमट दिवसांत ती मिटते का, ते या वर्षी मुद्दाम पाहा. फटीत कागदाचा कपटा सरकवून बघितला की अंदाज येतो.

मिटत असेल तर तिला हात लावू नका. सासऱ्यांनी सुचवलेला भुसा आणि फेविकॉलचा लगदा तर भरूच नका. कोरड्या दिवसांत फट भरली की दमट दिवसांत फळ्यांना फुगायला जागा राहत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि मग कुठेतरी खरोखर चीर जाते. फट मिटत नसेल, उलट वर्षागणिक रुंदावत असेल, तर सुताराला टॉप खालून दाखवा. टॉप खालच्या चौकटीला स्क्रूनं घट्ट आवळलेला असेल तर स्क्रूची भोकं लांबट करून त्याला हलायला वाव द्यावा लागतो. आणि एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर तो वळवा, किंवा टेबल सरकवा.

तेलाचंही बोलायला हवं, कारण लाकडाला तेल पाजलं की ते जगतं असं तुमच्या मैत्रिणीनं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. लाकूड तहानलेलं नसतं, आणि पॉलिशच्या थरातून तेल आत जातही नाही. स्वयंपाकघरातलं तेल वाळत नाही. ते वरच राहतं, धूळ धरतं, काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. जवसाचं तेल हवेनं घट्ट होतं म्हणून ते लाकूडकामात वापरतात, पण तेही उघड्या लाकडासाठी. ते कधी वापरलंत तर एक गोष्ट विसरू नका: त्या तेलानं भिजलेल्या चिंध्या चुरगळून टोपलीत टाकू नयेत. वाळताना त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

रोजच्या पुसण्याला तेल, स्प्रे, लिंबू, व्हिनेगर काहीच लागत नाही. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, रेषांच्या दिशेनं फिरवायचं, लगेच कोरड्यानं पुसायचं. अगदी कोरड्या फडक्यानं धूळ झटकली तर धुळीतले कण पॉलिशवर बारीक चरे पाडतात. तेलकट झालं असेल तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. वर्षातून एकदा मेणाचं पॉलिश अगदी पातळ हातानं लावलंत तर लाख सुरेख दिसते, पण मेणावर विसंबून गरम भांडं ठेवू नका. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि शेगडीवरून उतरवलेलं भांडं त्याहून पुष्कळ तापलेलं असतं.

आणि सॅनिटायझर. त्याची बाटली टेबलावर असेल तर आजच हलवा. हात चोळायच्या सॅनिटायझरमध्ये साधारण 60 ते 80 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे लाखेच्या दृष्टीनं ते पॉलिश उतरवायचं औषधच. पाणी लगेच पुसलं तर काही होत नाही, सॅनिटायझरचा थेंब पुसेपर्यंतच आपलं काम करून जातो. बॉलपेनची शाई स्पिरिटनं काढायचा मोहही याच कारणानं टाळा. आधी खोडरबर, मग साबणाचं पाणी, आणि नाहीच गेली तर राहू द्या.

तुमच्या पत्रात खुर्च्यांचा उल्लेख ओझरता आहे, "दोन जरा डुगडुगतात" एवढाच. मला विचाराल तर तुमच्या घरातलं खरं तातडीचं दुखणं तेच आहे. खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवली की बसणाऱ्याचं सगळं वजन मागच्या सांध्यांवर येतं. सैल सांधा रोज थोडा थोडा आतून झिजतो आणि एक दिवस कूस, म्हणजे सांध्यात बसणारं लाकडाचं टोक, मोडते. त्यावर खिळा मारू नका, लाकूड फाटतं. नुसतं बाहेरून फेविकॉल ओतूनही काही होत नाही, जुन्या डिंकावर नवा धरत नाही. सांधा पूर्ण सोडवायचा, आतला वाळलेला जुना डिंक खरवडून लाकूड दिसेपर्यंत स्वच्छ करायचं, नवा लावायचा आणि शिकंज्यात आवळून चोवीस तास ठेवायचं. चाळीस वर्षांपूर्वीच्या खुर्च्यांमध्ये सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा डिंक) असेल तर तो ऊबेनं आणि ओलसरपणानं सुटतो, म्हणजे सांधा न तोडता उघडतो. सुताराचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पायांना खाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरी कापडाच्या, चकत्या लावा आणि अधूनमधून उलटून बघा, त्यात खडा रुतला की लादीवर तोच चरे पाडतो.

राहिला घराचा प्रश्न. सहा माणसांच्या घरात "सांडू नका" हा नियम पाळला जाणं शक्य नाही आणि पाच वर्षांच्या मुलाकडून तो मागणं बरोबरही नाही. धड पॉलिश असलेल्या टॉपवर पाच-दहा मिनिटं पाणी राहिलं तर काही बिघडत नाही. रात्रभर राहिलं तर बिघडतं. तेव्हा नियम एवढाच ठेवा: ओलं दिसलं की ज्याला दिसलं त्यानं पुसायचं. कुणी सांडलं याची चौकशी नाही. त्यासाठी टेबलाच्या कडेखाली, धाकट्याचा हात पोचेल अशा उंचीवर, एक खुंटी लावा आणि तिला एक कोरडं फडकं कायम अडकवून ठेवा. फडकं आणायला आत जावं लागलं की कुणी जात नाही, मोठी माणसंसुद्धा. पेल्यांखालच्या चकत्या कपाटात नकोत, टेबलाच्या मधोमध एका उथळ टोपलीत, नेहमी. गरम भांड्यासाठी जाड लाकडी पाट किंवा विणलेलं आसन, आणि तेही टेबलावरच. इस्त्री मात्र तिथून हलवा. उष्णता, वाफ आणि वजन एकाच जागी रोज, हे त्या टॉपला झेपणारं नाही. लॅपटॉपखाली पातळ नमदा पुरे.

अभ्यासाला लेकीच्या मापाचा जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायचा तुकडा, वर तिच्या आवडीचा कागद तिनंच चिकटवलेला. तो दिवसाअखेर उचलून ठेवायचा, म्हणजे खाली ओल अडकत नाही.

आणि तिची ती गणितं. तुम्ही लिहिलंय की तिरक्या उजेडात ती वाचता येतात, सात गुणिले आठच्या पुढे छप्पन्न, आणि एक बेरीज चुकलेली. लाकूड कापलं जाणं आणि लाकूड दबणं यात फरक आहे. कापलेले तंतू गेले ते गेले. दबलेले नुसते चेपलेले असतात, आणि पॉलिश उतरवल्यावर ओलं कापड ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की वाफेनं फुगून बरेचसे वर येतात. म्हणजे टॉपचं काम कराल तेव्हा ती गणितं काढता येतील. पॉलिशवाला ती घासून काढतो म्हणाला तर नाही म्हणा, आधी वाफेनं जेवढं येईल तेवढं येऊ द्या.

ती काढायची की ठेवायची हे मात्र तुम्ही तिला विचारून ठरवा. त्याआधी एक करा. सुट्टीच्या दिवशी टेबलावरचं सगळं उतरवा, खाली चादर अंथरा, यजमानांना एका बाजूला धरायला सांगा, टेबल उचलून आडवं करा आणि लेकीला हाताशी घेऊन खालून बघा. टॉपच्या खालच्या बाजूला सहसा कुणी पॉलिश करत नाही. हातानं काम करणारे सुतार तिथे पेन्सिलीनं मापं मांडतात, कुठली फळी कुठे याच्या खुणा करतात, कधी गुणाकार-बेरजाही तिथेच करतात. तुमच्या टेबलाखाली त्या असतीलच असं नाही, पण चाळीस वर्षांत तिथे कुणी काही घासलेलं नसणार. बॅटरीचा उजेड तिरका धरा. स्क्रू सैल आहेत का, फटीच्या खालची बाजू कशी दिसते, पायांच्या टोकांना भोकं आहेत का हेही त्याच वेळी पाहून घ्या आणि तिलाच वहीत लिहून ठेवायला सांगा.

प्लास्टिक काढल्याची तारीखही त्याच वहीत लिहा. दोन आठवड्यांनी पांढरे ढग किती उरलेत आणि चिकट जागा कशी आहे ते मला कळवा, मग पॉलिशचं ठरवू.